चादरीवरची रेषा

पडद्यासाठी चादर माझी होती, म्हणून मला पुढची खुर्ची मिळाली.

आमच्या सोसायटीची सभा तळमजल्यावरच्या हॉलमध्ये भरायची. हॉल कसला, दोन गाळ्यांमधली भिंत पाडून केलेली जागा. त्या रविवारी समोरच्या भिंतीवर माझी पांढरी डबल चादर चार खिळ्यांना ताणून बांधली होती. खालच्या कोपऱ्यात हळदीचा डाग होता. आत येणारी प्रत्येक बाई आधी त्या डागाकडे बघायची, मग माझ्याकडे.

"वत्सला, उलटी तरी लावायचीस," शेजारी बसलेली इंदू पुटपुटली.

"उलटीकडनंही दिसतो गं."

इंदू म्हणजे इंदुमती शेटे, आमच्याच जिन्यात खालच्या मजल्यावर राहणारी. नवरा अकाली गेला तेव्हा हिच्या हातात एक पोलपाट आणि एक सोऱ्या एवढंच होतं. पापड, सांडगे, कुरडया करून तिनं दोन मुली शिकवल्या, त्यांची लग्नं केली. अर्ध्या सांगलीच्या डब्यांत तिच्या कुरडया असायच्या. आणि त्या सगळ्या वाळायच्या आमच्या अंगणात, पाण्याच्या टाकीजवळच्या कोपऱ्यात. आमच्या दोन बिल्डिंगा समोरासमोर. मधल्या अंगणात कधी हिची सावली, कधी तिची. फक्त टाकीजवळचा तो एक कोपरा असा होता, की सकाळी ऊन आलं की उतरतीपर्यंत हलायचं नाही. इंदू म्हणायची, "देवानं मला नवरा दिला तो नेला, पण ऊन दिलंय ते काढून घेतलेलं नाही."

त्या दिवशीची सभा ते काढून घ्यायलाच भरली होती.

सेक्रेटरी चौगुल्यांनी नवी मोटार घेतली होती. ती कव्हर घालून रस्त्यावर उभी असायची आणि चौगुले दिवसातून दहा वेळा खिडकीतून डोकावून ती आहे ना बघायचे. आणखी दोघांच्या गाड्या व्हायच्या बेतात होत्या. तेव्हा तीन गाड्यांची जागा अंगणात आखायची असं ठरलं. आणि जागा आखण्याचं काम अध्यक्षांनी स्वतःकडं घेतलं.

अध्यक्ष म्हणजे टोणपेसाहेब. दिगंबर टोणपे, निवृत्त इंजिनियर. निवृत्तीनंतर लोक देवाला लागतात, हे पायथनला लागले. पायथन म्हणजे संगणकाला हुकूम द्यायची एक भाषा, असं त्यांनीच आम्हाला सांगितलं होतं. मुलानं लॅपटॉप पाठवला, त्यावर साहेबांनी सहा महिन्यांचा कोर्स केला आणि त्याचं सर्टिफिकेट फ्रेम करून दत्ताच्या तसबिरीशेजारी लावलं. उदबत्ती दोघांनाही मिळायची. पुढं सोसायटीतलं पान संगणकाला विचारल्याशिवाय हलेना. गणपतीच्या आरतीच्या पाळ्यासुद्धा त्यांनी प्रोग्रॅम लिहून काढल्या. त्यात चौगुल्यांच्या आईला सकाळ-संध्याकाळ आरती आली आणि बाकी सगळे प्रसादाला. म्हातारी गणपती उठेपर्यंत उभी होती बिचारी. कुणी काही बोललं नाही. आमची सोसायटी शिकल्यासवरल्या माणसांची होती. संगणक चुकला असं म्हणणं म्हणजे आपण अडाणी ठरणं.

"मंडळी," टोणपेसाहेब उभे राहिले. "आजवर अंगणात आपण खडूनं रेघा मारल्या. भांडणं झाली. का झाली? खडू माणसाच्या हातात असतो, आणि माणूस पक्षपाती असतो. यापुढे रेषा संगणक मारणार."

चौगुल्यांनी टाळ्या वाजवल्या.

"टाकीच्या बाजूच्या बिल्डिंगच्या गच्चीवरून मी अंगणाचा फोटो काढलाय. त्या फोटोवर पायथनमधून रेषा आखल्यात. रेषा कुठं सुरू होते, कुठं संपते, आडवे किती, उभे किती, जाडी किती, सगळं आकड्यांत. रंग लाल. लाल रेषेच्या आत चारचाकी. यात भावनेला जागा नाही."

"पायथनचा अर्थ काय हो साहेब?" मागून आमच्या ह्यांनी विचारलं. ह्यांना सभेत एक तरी प्रश्न विचारायची सवय होती. एकदा विचारला की मग सुखानं डोळे मिटायचे.

"अजगर."

"मग गिळणारच की," इंदू माझ्या कानाशी म्हणाली. तिचे हात पदराचं टोक पिळत होते. तीस वर्षं पीठ मळून घट्ट झालेले हात ते.

साहेबांनी प्रोजेक्टरला जोडलेल्या लॅपटॉपवर काहीतरी टकटक केलं. चादरीवर त्यांचा नातू उमटला, वाढदिवसाचा केक तोंडाला फासलेला.

"हा नव्हे," साहेब म्हणाले. "हा मागचा फोटो, तो कायमच असतो. आता बघा हं."

त्यांनी एक बटण दाबलं.

मी नेमका चष्मा पुसत होते. चादरीवर काहीतरी लखलखलं एवढं कळलं. फोटो काढताना डोळ्यांवर उजेड मारतात, तेवढंच. चष्मा चढवून बघते तो पुन्हा नातू, पुन्हा केक.

"दिसलं?" साहेबांनी विचारलं.

पंख्याचा तेवढा आवाज. मी हळूच डावीकडं बघितलं, उजवीकडं बघितलं. सगळे चादरीकडं टक लावून बसलेले, चेहरे परीक्षेला बसल्यासारखे.

"दिसलं की, साहेब!" चौगुले म्हणाले. "लाल रेषा काय क्लिअर आलीय! एक नंबर!"

मग सगळीकडून सुरू झालं. दिसलं, दिसलं. छान आलंय. सरळ आलीय अगदी. मागून आमचे हे खडबडून जागे झाले आणि सगळ्यांत मोठ्यानं म्हणाले, "दिसलं!"

मीही मान डोलावली. एवढ्या माणसांनी बघितलं ते पुढच्या खुर्चीवर बसून आपल्यालाच दिसलं नाही, हे कुठल्या तोंडानं सांगायचं? तेही आपल्याच चादरीवरचं!

टोणपेसाहेब मात्र तसेच उभे राहिले. त्यांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला. "सगळ्यांना दिसलं? नक्की? मागच्या रांगेलासुद्धा?"

"होय की, साहेब."

"पुन्हा दाखवू का?"

"कशाला आता," चौगुले घाईनं म्हणाले. "चहा गार व्हायला लागलाय."

इंदू उठून उभी राहिली. "साहेब, टाकीजवळ माझं वाळवण असतं. ती रेघ कुठनं कुठवर गेलीय?"

"आत्ताच बघितली की तुम्ही, शेटेवहिनी," चौगुले हसून म्हणाले. "का तुम्हालाच दिसली नाही?"

सगळ्या माना तिच्याकडं वळल्या. इंदूचा चेहरा पडला. सातवी शिकलेली बाई. इतकी डिग्रीवाली माणसं बसलेली.

"दिसली," ती म्हणाली आणि खाली बसली.

चौगुल्यांनी ठराव वाचला. पडद्यावर दाखवलेल्या रेषांप्रमाणे अंगणात पार्किंग आखावं. वाचता वाचता त्यांनी इंदूकडं तिरक्या नजरेनं बघितलं आणि पेन काढून भर घातली, "त्यात कोणताही बदल न करता. नाहीतर उद्या कुणी येऊन रडेल, की माझं एवढं सोडा, माझं तेवढं सोडा."

एकमतानं मंजूर झालं. चहा गारच निघाला.

संध्याकाळी मी इंदूकडं गेले. ती मिरच्या खुडत बसली होती. मीही बसले खुडायला. अर्धा ढीग खुडून झाला.

"तू पुढंच बसली होतीस," शेवटी ती म्हणाली. "टाकीला किती चिकटून गेलीय गं रेघ?"

"तू बघितलीस ना?"

"बघितली की. पण तुला जास्त नीट दिसली असेल."

"तशी दिसली..." मी म्हणाले. मग तिच्या तोंडाकडं बघून मला राहवेना. "इंदू, मी चष्मा पुसत होते."

तिनं हातातली मिरची खाली ठेवली. "आणि मी शिंकले होते नेमकी. मला वाटलं मी एकटीच."

आम्ही दोघी एकमेकींकडं बघत राहिलो आणि मग अशा हसलो, की मिरचीचा खकाणा उडून ठसका लागला. हसता हसता इंदूचे डोळे भरून आले ते मिरचीनंच, असं मी धरून चालले.

घरी येऊन ह्यांना विचारलं, "तुम्हाला काय दिसलं हो सभेत?"

"बाळ," हे म्हणाले. "केक खाल्लेलं. गोड होतं हं."

पुढं चार दिवस मी ज्या त्या जिन्यात सहज म्हणून विषय काढत गेले. दुसऱ्या मजल्यावरच्या दामलेमास्तरांना दिसलेली रेषा त्यांच्या स्कूटरपासून हातभर लांबून गेली होती. वरच्या खोतांना गाडी घ्यायची होती, त्यांना दिसलेली रेषा चांगली ऐसपैस होती. खोतांच्या शेजारणीशी त्यांचं पटत नव्हतं, तिला दिसलेली रेषा खोतांच्या गाडीला पुरणारच नव्हती. जो तो आपल्या सोयीची रेषा बघून आला होता, आणि बोलताना प्रत्येकाचे डोळे माझ्या चेहऱ्यावर, की ही काही वेगळं तर सांगत नाही ना.

याला आता पुष्कळ वर्षं झाली. माझ्या नाती फोनमध्ये बघून बोलतात आणि मान वर न करता "हो आजी" म्हणतात. तेव्हा मला तो हॉल आठवतो.

तर, ती सभा झाल्यावर आणि रेषा मारायला रंगारी यायच्या आधी एक गोष्ट झाली. टोणपेसाहेबांनी मोतीबिंदूचं ऑपरेशन करून घेतलं. अगदी अचानक. त्यांच्या मिसेस भाजीवाल्यापाशी भेटल्या तेव्हा वैतागलेल्या होत्या. "डॉक्टर म्हणाले, अजून वर्षभर थांबलं तरी चालेल. पण ऐकतील तर शपथ! सभेवरून आले त्या दिवसापासून एकच धोशा, माझे डोळे गेले, माझे डोळे गेले. अहो, पेपर वाचतात खडाखडा!"

मी म्हटलं, वय झालं की माणूस हट्टी होतो. आणि विसरून गेले.

रंगारी यायचा ठरला पाडव्यानंतरच्या रविवारी. आणि इंदूनं त्याच आठवड्यात गहू भिजत घातले.

"अगं, रविवारी रंगारी येणार," मी म्हणाले.

"येऊ दे की. गहू काय रंगाऱ्याला विचारून भिजतात?"

ज्यांनी घरी कुरडया केल्यात त्यांना ठाऊक आहे. गहू तीन दिवस भिजवायचे, रोज पाणी बदलायचं, मग वाटून त्यांचा चीक काढायचा. एकदा चीक काढला की तो थांबत नाही. सकाळी शिजवायचा, गरम आहे तोवर सोऱ्यातून घालायचा आणि दिवसभर कडक ऊन द्यायचं. ऊन चुकलं की आंबला. इंदूनं पाच घरांच्या कुरडया अंगावर घेतल्या होत्या. रविवारी ऊन उतरेपर्यंत तिचा कोपरा राहिला तर त्या होणार होत्या, नाहीतर पुढच्या वर्षापासून ती पाच घरं दुसरीकडं जाणार होती. आणि त्यांच्यामागोमाग बाकीची.

रविवारी उजाडता उजाडता तिच्या स्वयंपाकघरातून हिंगाचा वास आला. मी खाली गेले. टाकीजवळ तिनं प्लॅस्टिकचा कागद अंथरून चारी कोपऱ्यांवर दगड ठेवले होते. ती सोऱ्या दाबत होती, मी पातेल्यातून चीक भरून देत होते. दोन रांगा घालून झाल्या आणि रंगारी आला. पांढऱ्या रंगाचा डबा, ब्रश आणि सुतळीचं बंडल.

"रेघ कुठनं मारायची?" त्यानं विचारलं.

चौगुले लुंगीवरच धावत आले. "इथनं. टाकीच्या कडेपासून सरळ. वहिनी, उचला ते."

"गरम कुरडई उचलतात का कधी? तुटतात."

"तो तुमचा प्रश्न. ठराव झालाय."

"ठरावाप्रमाणेच मारा की," इंदू म्हणाली. सोऱ्या दाबायची ती थांबली नाही. "पण रेघ टाकीच्या अलीकडं वळली होती. मी बघितली."

चौगुले बघतच राहिले. "वळली? सरळ होती! लाल रंगाची, सरळ!"

"तुम्हाला सरळ दिसली असेल. मला वळलेली दिसली."

"मलाही," मी म्हणाले. "चादर माझी आहे. हळदीच्या डागाच्या वर बोटभर, तिथनं वळली."

एवढ्यात दामलेमास्तर स्कूटरची काळजी करत उतरले, खोत आले, खोतांच्या शेजारीणबाई आल्या. प्रत्येकानं आपापली रेषा रंगाऱ्याला दाखवली. एकाची लांब, दुसऱ्याची तिरपी. रंगाऱ्यानं डब्याचं झाकण परत लावलं आणि बिडी पेटवली.

गलका ऐकून टोणपेसाहेब समोरच्या बिल्डिंगमधून बाहेर आले. तळमजल्यावर त्यांचं घर, पुढं त्यांची गुलाबांची बाग. डोळ्यांवर डॉक्टरांनी दिलेला मोठा काळा चष्मा. गुलाबांच्या तारेतून वाट काढत ते आमच्यापाशी आले.

"काय चाललंय?"

"साहेब, रेषेचा वाद आहे," चौगुले म्हणाले. "तुम्हीच सांगा, सरळ होती का नाही?"

साहेब नुसताच काळा चष्मा नाकावर नीट बसवत राहिले. मला तेव्हा ते नवलच वाटलं. रेषा ह्यांनीच मारलेली, मग एक शब्द सांगायला काय जातं?

"साहेब, परत एकदा दाखवाच," मी म्हणाले. "चादर आणते."

पुन्हा हॉल, पुन्हा खिळे, पुन्हा हळदीचा डाग. इंदू दारात उभी राहिली, एक डोळा चादरीवर आणि एक बाहेर कावळ्यांवर. चादरीवर नातू आला, केकसकट. साहेबांनी बटण दाबलं.

लखलखलं आणि गेलं. या वेळी माझा चष्मा डोळ्यांवर होता. तरीही मला काही दिसलं नाही.

"दिसलं?" साहेबांनी विचारलं.

"दिसलं की!" चौगुले म्हणाले. "बघा, लाल आणि सरळ!"

टोणपेसाहेबांनी हळूहळू काळा चष्मा काढला. आतला डोळा लालबुंद होता.

"काय दिसलं, चौगुले?"

"लाल रेषा, साहेब."

"कुठं?"

"टाकीपाशी... ही अशी."

"माझा हा डोळा नवा आहे," साहेब म्हणाले. त्यांचा आवाज इतका बारीक मी कधी ऐकला नव्हता. "डॉक्टर म्हणाले, मुंगीचे पाय मोजाल. मला काही दिसलं नाही."

पंखा फिरत होता.

"मलाही नाही," मी म्हणाले.

"माझा जरा कोन चुकला होता," दामलेमास्तर म्हणाले.

"मी खाली वाकलो होतो," खोत म्हणाले. "चप्पल सापडत नव्हती."

"मला दोन्ही वेळेला बाळच दिसलं," आमचे हे म्हणाले. सबंध सोसायटीत खरं तेवढं त्यांनीच बघितलं होतं.

साहेब खुर्चीत बसले. त्यांनी लॅपटॉप जवळ ओढला, नाक पडद्याला टेकेपर्यंत वाकले आणि एकेक ओळ बोट ठेवून वाचायला लागले. "फोटो उघड. रेषा मार. फोटो दाखव." मग कपाळाला हात लावला. "दाखव म्हणून सांगितलं. थांब म्हणून सांगायचं राहिलं. ते बिचारं दाखवतंय आणि सांगितल्याप्रमाणं लगेच दुकान बंद करतंय."

त्यांनी एक ओळ लिहिली. बटण दाबलं.

चित्र आलं आणि थांबलं.

आधी कुणी रेषेकडं बघितलंच नाही. आपलं अंगण वरून कुणी कधी असं बघितलं नव्हतं. खालच्या बाजूला, म्हणजे आमच्या बिल्डिंगच्या पायथ्याशी, पाण्याची टाकी. टाकीजवळ पांढऱ्या साडीवर पापड, कपाळावरच्या टिकल्यांएवढे. त्यांच्या शेजारी एक काळी छत्री आणि छत्रीखाली इंदूचे दोन पाय, कावळे हाकायच्या काठीसकट.

"अगं बाई, ही मी!" इंदू दारातून म्हणाली.

पण रेषा तिथं नव्हत्या. टाकीजवळ नाही, पापडांजवळ नाही. रेषा होत्या चित्राच्या पार वरच्या बाजूला, अंगणाच्या पलीकडच्या टोकाला. व्यवस्थित आखलेले तीन चौकोन, तीन गाड्यांचे. आणि ते बरोबर टोणपेसाहेबांच्या गुलाबांवर बसले होते.

आणि रेषा निळ्या होत्या. शाईसारख्या निळ्या.

सगळ्यांनी वळून चौगुल्यांकडं बघितलं. चौगुले लुंगीची गाठ सारखी करत होते.

"निळी कशी आली?" साहेब स्वतःशीच बोलत होते. "मी तर लाल... हां. हा रंग उलटे वाचतोय. निळा आधी, लाल शेवटी. आणि हे वर कसं गेलं? मी तर खालून..." ते थांबले. "हा वरून मोजतो. आपण पाटीवर वरून लिहायला लागतो तसा. मी शाळेतल्या आलेखाच्या कागदासारखं खालच्या कोपऱ्यातून मोजलं."

"म्हणजे चूक झाली," चौगुल्यांच्या जिवात जीव आला. "खाली घ्या साहेब त्या रेषा. दोन मिनिटांचं काम."

"कोणताही बदल न करता," इंदू दारातून म्हणाली.

"काय?"

"ठरावात तुम्हीच घातलंत ना, चौगुले? पडद्यावर दाखवलं तसं, कोणताही बदल न करता. मी नाही रडत आले, माझं एवढं सोडा म्हणून."

"ते चित्र वेगळं होतं! त्या दिवशी रेषा लाल होती, मी माझ्या डोळ्यांनी..." आणि चौगुल्यांचा हात पुन्हा लुंगीच्या गाठीकडं गेला.

"हेच होतं," टोणपेसाहेब म्हणाले. "एक आकडा बदललेला नाही. आकडे माझे आहेत."

ते उठून चादरीजवळ गेले. त्यांच्या अंगावर अंगण उमटलं, पाठीवर टाकी, खांद्यावर पापड. ते वर बघत राहिले. खालून बघताना ती बाग आम्हाला कधी मोठी वाटली नव्हती. चार गुलाब, एक तार. अध्यक्षांची हौस म्हणून सगळे सोडून द्यायचे, आणि ती तार दरवर्षी पावसाळ्यानंतर पावलाभर पुढं यायची. वरून बघितल्यावर मात्र अंगणाचा एवढा मोठा लचका कुणी तोडलाय हे शेंबडं पोरही सांगू शकलं असतं. सोसायटीच्या जागेवर तीन गाड्या सहज मावतील इतका.

"एवढी मोठी आहे ही?" साहेबांनी विचारलं.

या वेळी सगळ्यांना दिसत होतं.

साहेबांनी चित्र बंद केलं. नातू परत आला.

"रंगाऱ्याला सांगा," ते म्हणाले. "आधी तार काढावी लागेल."

चौगुल्यांची गाडी त्या संध्याकाळी अंगणात आली. गुलाबांची मुळं काढलेल्या मऊ मातीत चाक रुतलं आणि सबंध सोसायटीनं मिळून ती ढकलली. पण ते नंतर. त्याआधी, ऊन डोक्यावर आलेलं असताना, मी आणि इंदू उरलेला चीक नव्यानं शिजवून शेवटची रांग घालत होतो. साहेबांनी कुंड्यांत काढलेले गुलाब त्यांच्या पायरीवर ओळीनं ठेवलेले दिसत होते. ते स्वतः काळा चष्मा लावून अंगण ओलांडून आमच्याकडं आले. हात मातीनं भरलेले.

इंदूनं न विचारता वाटीत गरम चीक घातला, वर तेलाची धार सोडली आणि पुढं केली. ते उभ्यानंच खायला लागले.

"मगदूमवहिनी," थोड्या वेळानं ते मला म्हणाले, हळू आवाजात, "घरी मी तो प्रोग्रॅम पन्नास वेळा चालवला होता. मला लखलखण्यापलीकडं काही दिसायचं नाही. मला वाटलं डोळे गेले. म्हणून तर सभेत तीन-तीनदा विचारलं. आणि सगळे म्हणाले दिसलं." त्यांनी चमचा वाटीत फिरवला. "मी दुसऱ्याच दिवशी डॉक्टरकडं गेलो. खरं सांगा, त्या दिवशी तुम्हाला काय दिसलं होतं?"

"तुम्हाला दिसलं तेच," मी म्हणाले.

ते माझ्याकडं बघत राहिले. मग काळा चष्मा कपाळावर सरकवून त्या लाल डोळ्यानं त्यांनी सबंध अंगण एकदा बघितलं. टाकी बघितली, छत्री बघितली, ओळीनं घातलेल्या पांढऱ्या कुरडया बघितल्या, जणू आज प्रथमच.

"म्हणजे डोळा उगीचच कापून घेतला म्हणायचा."

"ते डॉक्टरला विचारा," इंदू सोऱ्या दाबत म्हणाली. "आणि साहेब, जरा बाजूला सरका. कुरडयांवर सावली पडतीय."